सोडियम पंप सावरला असे कधी म्हणावे? प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

पेशींना उआबेन किंवा डिगॉक्सिन यांसारखे हृदयग्लायकोसाइड (सोडियम पंप अडवणारे द्रव्य) दिले, तासाभराने ते धुऊन काढले आणि दुसऱ्या दिवशी पोटॅशियम आत घेण्याचा वेग पूर्वीइतका दिसला, की वहीत ‘पंप सावरला’ अशी नोंद होते. ही नोंद बहुधा घाईची असते. वेग पूर्ववत होण्यामागे किमान चार निरनिराळ्या घटना असू शकतात. पंपाला चिकटलेले ग्लायकोसाइड सुटून गेलेले असू शकते. अडकलेला पंप पेशीने आत ओढून त्याच्या जागी नवा आणून बसवलेला असू शकतो. पेशीत सोडियम साठल्यामुळे उरलेले मोकळे पंप अधिक वेगाने चाललेले असू शकतात. आणि ज्या पेशींना सर्वाधिक इजा झाली त्या मरून धुण्याबरोबर वाहून गेल्या व मागे केवळ धडधाकट पेशी उरल्या, असेही घडू शकते. यांपैकी पहिल्या दोन घटनांनाच सावरणे म्हणता येईल. कालिना, परळ, फोर्ट किंवा खारघर येथील प्रयोगशाळांत एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी वा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात या विषयाला हात घालणाऱ्यांना या चार घटना एकमेकींपासून कशा वेगळ्या काढाव्यात, हे येथे क्रमाने सांगितले आहे. पेशीसंवर्धनाची प्राथमिक ओळख वाचकाला आहे, असे गृहीत धरले आहे.

सुरुवात करण्यापूर्वी

सोडियम पंप म्हणजे पेशीपटलात रोवलेले एक विकर. एटीपी या पेशीच्या ऊर्जाद्रव्याचा एक रेणू खर्च करून ते तीन सोडियम आयन बाहेर टाकते आणि दोन पोटॅशियम आयन आत घेते. डेन्मार्कमधील येन्स ख्रिश्चियन स्कोऊ यांनी खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करून १९५७ मध्ये या विकराची ओळख पटवली आणि त्यासाठी १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. त्याच्याही चार वर्षे आधी, १९५३ मध्ये, शात्समान यांनी मानवी तांबड्या पेशींमधील सोडियम-पोटॅशियमची सक्रिय वाहतूक हृदयग्लायकोसाइडांमुळे बंद पडते हे दाखवले होते. हृदयग्लायकोसाइडे असलेल्या डिजिटॅलिस या वनस्पतीचा औषध म्हणून इतिहास तर विल्यम विदरिंग यांच्या १७८५ च्या ग्रंथापर्यंत मागे जातो.

पंपाच्या अल्फा उपघटकात आयनांची वाट, एटीपीची जागा आणि ग्लायकोसाइडची जागा अशा तिन्ही गोष्टी असतात. बीटा उपघटक सोबत असल्याशिवाय अल्फा पेशीच्या आतल्या जाळ्यातून नीट बाहेर पडत नाही. ग्लायकोसाइड पेशीच्या बाहेरच्या बाजूने येऊन जोडले जाते, आणि तेही मुख्यतः पंपावर फॉस्फेट चढलेले असून त्याचे तोंड बाहेर वळलेले असते त्या अवस्थेत. बाहेर पोटॅशियम जास्त असेल तर पंप त्या अवस्थेत कमी काळ राहतो, म्हणून पोटॅशियम ग्लायकोसाइडच्या जोडणीला विरोध करते. हे एक वाक्य लक्षात ठेवले तर पुढच्या निम्म्या पायऱ्या आपोआप समजतील.

पहिली पायरी: पेशी निवडणे

येथे चूक झाली तर पुढचे सारे व्यर्थ जाते. उंदीर आणि घूस यांच्या अल्फा-१ प्रकारच्या पंपावर ग्लायकोसाइडचा परिणाम फार क्षीण असतो. घुशीच्या पंपात ग्लायकोसाइडच्या जागेच्या दोन कडांना, १११ आणि १२२ या क्रमांकांवर, आर्जिनिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल ही विद्युतभारित अमिनो आम्ले असतात. मानवी पंपात त्या ठिकाणी ग्लुटामिन आणि अ‍ॅस्पॅराजिन असतात. एवढ्या फरकामुळे मानवी पेशींना जिथे नॅनोमोलर मात्रा पुरते तिथे घुशीच्या पेशींना दहा-शंभर मायक्रोमोलर लागते. प्रयोगशाळेत सहज हाताशी असलेल्या एच९सी२ (घूस), एनआयएच-३टी३ (उंदीर) किंवा सीएचओ (हॅमस्टर) या पेशी म्हणून या कामाला निरुपयोगी आहेत. मात्र प्रतिकार करणाऱ्या पेशींचा नमुना म्हणून त्यांतील एखादी सोबत ठेवणे शहाणपणाचे ठरते, कारण ग्लायकोसाइडचा जो परिणाम त्यांच्यावरही तितकाच दिसतो तो पंपामार्फत झालेला नसतो.

या विषयातील जुने आणि आजही वाचण्याजोगे काम हेला पेशींवर झालेले आहे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातून घेतलेल्या या पेशी मानवी आहेत आणि त्यांचा पंप ग्लायकोसाइडला संवेदनशील आहे. ओक रिज येथील व्हॉन आणि कुक यांनी १९७२ मध्ये उआबेनने अडवलेली वाहतूक-क्षमता हेला पेशींच्या पटलावर पुन्हा निर्माण होते, हे मांडले. आजही विद्यार्थी जो प्रयोग करतात त्याचा सांगाडा तोच आहे. हेलाखेरीज मानवी एचईके-२९३, कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या एमडीसीके किंवा डुकराच्या एलएलसी-पीके१ या पेशीही चालतील. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवाव्यात. शेजारच्या प्रयोगशाळेतून ‘एक फ्लास्क द्या’ म्हणून आणलेल्या पेशी ओळख न तपासता आणि मायकोप्लाझ्माची चाचणी न करता वापरू नयेत. हेला पेशींत एचपीव्ही-१८ विषाणूचा जनुकीय अंश असतो, त्यामुळे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता आधी घ्यावी.

मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात इन्क्युबेटरमधील पाण्याच्या ट्रेवर बुरशी फार लवकर धरते. शक्य असल्यास २४ तासांच्या मालिका पावसाळ्याआधी किंवा नंतर ठेवाव्यात. ते शक्य नसेल तर ट्रेमधील निर्जंतुक पाणी दर आठवड्याला बदलावे.

दुसरी पायरी: ग्लायकोसाइड निवडणे आणि तोलणे

उआबेन पाण्यात विरघळते, डिगॉक्सिनला डीएमएसओ हा द्रावक लागतो. बाजारात मिळणारे उआबेन बहुधा पाण्याचे आठ रेणू धारण केलेले असते आणि त्याचा रेणुभार ५८५ नसून सुमारे ७२९ असतो. बाटलीवरचा आकडा न पाहता तोलले तर मात्रा जवळपास वीस टक्क्यांनी कमी पडते. भुकटी दमट हवेत उघडी ठेवू नये, द्रावण प्रकाशापासून जपावे आणि तोलताना हातमोजे व मुखपट्टी वापरावी. ही द्रव्ये विषारी आहेत याचा विसर, ती मिलिग्रॅममध्ये तोलली जात असल्यामुळे, लवकर पडतो.

कोणते ग्लायकोसाइड घ्यावे हे प्रश्नावर ठरते. मानवी अल्फा-१ पंपावरून उआबेन फार सावकाश सुटते, त्यामुळे नवा पंप येऊन बसणे पाहायचे असेल तर उआबेन योग्य. ज्याला शर्करेची बाजू नसते ते स्ट्रोफॅन्थिडिन लवकर सुटते; पंप अडवून लगेच मोकळा करायचा असेल तेव्हा ते उपयोगी पडते. दोन्हींची मालिका शेजारी शेजारी ठेवली तर एकच पेशी दोन मार्गांनी सावरताना दिसते आणि तुलनेला भक्कम आधार मिळतो. डिजिटॉक्सिन नवख्याने टाळावे. रक्तात ते नव्वद टक्क्यांहून अधिक प्रथिनांना बांधलेले राहते, आणि सीरमयुक्त माध्यमात त्याची मोकळी मात्रा किती हे सांगणे अवघड होऊन बसते. डिगॉक्सिनच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे पंचवीस टक्के आहे.

ग्लायकोसाइडे आपल्या अवतीभोवतीच्या झाडांतही आहेत. शनिवारी मारुतीला वाहिल्या जाणाऱ्या रुईच्या माळेत, रस्त्यांच्या दुभाजकांवर लावलेल्या कण्हेरीत आणि सोसायट्यांच्या कुंपणावरील बिट्टीत या वर्गातील द्रव्ये असतात. त्यामुळे दरवर्षी एखादा विद्यार्थी ‘आपण रुईचाच अर्क वापरू’ असे उत्साहाने सुचवतो. या प्रयोगापुरते ते मान्य करू नये. अशा अर्कात सुटण्याचा वेग वेगवेगळा असलेली अनेक ग्लायकोसाइडे एकत्र असतात, आणि सावरण्याचा आलेख कोणत्या द्रव्यामुळे तसा आला हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

तिसरी पायरी: पंप किती अडवायचा, हे ठरवणे

नवख्या माणसाचा कल पंप पूर्णपणे बंद करण्याकडे असतो. शून्यापासून वर येणारा आलेख सुंदर दिसेल, अशी अपेक्षा त्यामागे असते. प्रत्यक्षात असा आलेख वर येतच नाही. पंप पूर्ण बंद झाला की पेशीतील पोटॅशियम घसरते आणि सोडियम वाढते. प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेला पुरेसे पोटॅशियम लागत असल्यामुळे काही तासांत नवी प्रथिने बनणेच मंदावते. नवा पंप हेही प्रथिनच. म्हणजे सावरण्यासाठी जे लागते तेच पंप बंद पडल्याने हिरावले जाते, आणि पेशी त्या खड्ड्यातून बाहेर पडत नाही. म्हणून लक्ष्य ठेवावे ते पंपाची साधारण ७० ते ८० टक्के क्षमता अडवण्याचे, आणि तेही थोडक्या काळात.

त्यासाठी आधी एक चाचणी-मालिका करावी. उआबेन ५०, १००, २००, ५०० नॅनोमोलर आणि १ मायक्रोमोलर अशा मात्रांत एक तास द्यावे, धुवावे आणि लगेच पंपाची उरलेली क्षमता मोजावी. कमी मात्रेत जोडणी अतिशय सावकाश होते. १० नॅनोमोलरला समतोल येण्यास तास लागतात, आणि तोवर पहिले अडकलेले पंप पेशीने आत ओढायला सुरुवातही केलेली असते. थोड्या वेळासाठी अधिक मात्रा देऊन धुणे हे दिवसभर कमी मात्रा ठेवण्यापेक्षा समजण्यास सोपे आहे. दुसऱ्या पद्धतीत अडणे आणि सावरणे एकाच वेळी चालू राहते व दोन्हींचा गुंता होतो.

माध्यमातील पोटॅशियम लिहून ठेवावे. डीएमईएम या नेहमीच्या संवर्धन-माध्यमात ते ५.३ मिलीमोलर असते. पोटॅशियमविरहित द्रावणात तीच मात्रा कितीतरी अधिक पंप अडवते, त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत की प्रथम पोटॅशियमचा आकडा तपासावा.

चौथी पायरी: धुणे

हे काम कंटाळवाणे असते आणि म्हणूनच बिघडते. कोमट, ग्लायकोसाइडविरहित माध्यमाने तीन वेळा धुवावे. प्रत्येक वेळी द्रव पूर्ण काढावा. नंतर पेशी ताज्या माध्यमात इन्क्युबेटरमध्ये परत ठेवाव्यात आणि अर्ध्या तासाने माध्यम पुन्हा एकदा बदलावे. कारण सुटलेले ग्लायकोसाइड तेथेच राहिले तर ते दुसऱ्या पंपाला, किंवा नुकत्याच येऊन बसलेल्या नव्या पंपाला, पुन्हा चिकटते. लहान आकारमानाच्या प्लेटमध्ये हा धोका अधिक.

डिगॉक्सिन वापरत असल्यास डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडाचे तुकडे माध्यमात टाकून मोकळे द्रव्य बांधून ठेवता येते. डिगॉक्सिनच्या विषबाधेत रुग्णांना हेच तुकडे दिले जातात. त्यांचा पहिला यशस्वी उपयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगात ते महाग पडतात, तरीही एखाद्या मालिकेत वापरून पाहावेत. प्रतिपिंड टाकल्यावर सावरणे वेगाने झाले, तर आधीच्या आलेखाचा काही भाग पुन्हा चिकटण्यामुळे मंदावलेला होता असे समजावे.

धुतल्यानंतर ०, १, ३, ६, १२ आणि २४ तासांनी मोजमाप ठेवावे. शून्य तासाचे नमुने हाताळताना सर्वांत जास्त धावपळ होते. ती मालिका एकट्याने करू नये.

पाचवी पायरी: रुबिडियमने वेग मोजणे

पंप रुबिडियमला पोटॅशियमसारखेच आत घेतो आणि पेशीत रुबिडियम मुळात नसते, म्हणून मोजमाप स्वच्छ राहते. पूर्वी यासाठी किरणोत्सर्गी रुबिडियम-८६ वापरत. त्याचे अर्धायुष्य १८.६ दिवस आहे आणि त्याचा बीटा किरण इतका तीव्र असतो की केवळ पाण्यातही त्याची मोजणी करता येते. आज साधे रुबिडियम क्लोराइड वापरून अणुशोषण यंत्रावर ७८० नॅनोमीटरला मोजणे नवख्यासाठी सोपे आहे. किरणोत्सर्गी द्रव्य घ्यायचेच असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार संस्थेची नोंदणी व किरणसुरक्षा अधिकारी आहे की नाही याची खात्री करावी. महाविद्यालयांतील साधे फ्लेम फोटोमीटर सोडियम व पोटॅशियमसाठी चालते, मात्र त्यात रुबिडियमचा फिल्टर सहसा नसतो.

द्रावण साधे असते: सोडियम क्लोराइड १४०, रुबिडियम क्लोराइड ५, कॅल्शियम क्लोराइड १.८, मॅग्नेशियम क्लोराइड १, ग्लुकोज १० आणि हेपेस १० मिलीमोलर, पीएच ७.४. पेशींना ते ३७ अंशांवर पाच ते दहा मिनिटे द्यावे. हा काळ आपल्या पेशींसाठी सरळ रेषेत राहतो का, हे २, ५, १० आणि २० मिनिटांची मोजमापे घेऊन एकदा पाहून घ्यावे. वेळ संपताच बर्फासारख्या थंड, १०० मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइडने तीन-चार वेळा झटपट धुवावे. त्याची तीव्रता पेशींना सोसवणारी असते आणि त्यात मोजायचे आयन नसतात. अणुशोषणासाठी पेशी सौम्य नायट्रिक आम्लात फोडाव्यात आणि ज्वालेत रुबिडियमचे आयनीभवन होऊ नये म्हणून नमुन्यांत व मानक द्रावणांत सारखेच सीझियम क्लोराइड घालावे.

रुबिडियम पंपाखेरीज इतर वाटांनीही आत जाते. एकूण वेगातून उआबेन असतानाचा वेग वजा केला की पंपाचा वाटा मिळतो. या वजाबाकीसाठीच्या वेलमध्ये (प्लेटमधील कप्प्यात) १ मिलीमोलर उआबेन रुबिडियमच्या आधी किमान पंधरा मिनिटे द्यावे. दोन्ही एकदम दिले तर रुबिडियम पोटॅशियमप्रमाणेच उआबेनच्या जोडणीला विरोध करते, वजाबाकी अपुरी होते आणि पंपाचा वाटा कमी दिसतो. सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड सहवाहकाचा वाटा काढण्यासाठी ब्युमेटॅनाइड हे त्याला अडवणारे द्रव्य स्वतंत्र वेलमध्ये वापरावे. पेशीतील सोडियम वाढले किंवा पेशीचे आकारमान बदलले की हा वाहकही बदलतो, त्यामुळे तो स्थिर आहे असे मानून चालू नये.

पेशीतील सोडियम मोजताना एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. घामेजलेला हात, काचेची भांडी आणि नळाचे पाणी या सर्वांतून सोडियम येते, आणि मे महिन्यात एअरकंडिशनर बंद पडलेल्या खोलीत हा दोष उघड दिसतो. प्लास्टिकची भांडी आणि तिहेरी शुद्ध केलेले पाणी वापरावे, आणि पेशी नसलेल्या वेलचे मूल्य प्रत्येक वेळी वजा करावे.

सहावी पायरी: वेग आणि क्षमता वेगळी करणे

संपूर्ण प्रयोगात सर्वांत जास्त लक्ष येथे द्यावे, असे माझे मत आहे. विश्रांत पेशीत सोडियम साधारण १० ते १५ मिलीमोलर असते आणि त्या पातळीला पंप आपल्या क्षमतेच्या बऱ्याच खाली चालत असतो. आतले सोडियम थोडे वाढले की वेग झपाट्याने वाढतो, कारण प्रत्येक फेरीला तीन सोडियम आयन लागतात. आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साठ टक्के पंप अडले. सोडियम वाढल्यामुळे उरलेले चाळीस टक्के पंप दुप्पट वेगाने चालू लागले. मोजलेला वेग मूळच्या ऐंशी टक्के येईल, आणि तरीही एकही पंप मोकळा झालेला नसेल, एकही नवा आलेला नसेल. केवळ वेगाचा आलेख दाखवणारा प्रबंध परीक्षकांच्या पहिल्याच प्रश्नाला अडखळतो, तो येथे.

उपाय असा की प्रत्येक वेळबिंदूवर दोन मोजमापे घ्यावीत. एक पेशी जशी आहे तशी. दुसरे, मोनेन्सिन या आयनवाहकाने पेशीत सोडियम भरून, म्हणजे पंपाला आतून सोडियमची टंचाई राहणार नाही अशा स्थितीत. दुसऱ्या मोजमापात जो वेग मिळतो तो उपलब्ध मोकळ्या पंपांच्या संख्येला जवळचा असतो. मोनेन्सिन १० मायक्रोमोलरच्या आसपास, रुबिडियमच्या काही मिनिटे आधी द्यावे आणि पेशीतील सोडियम खरोखर वाढले का हे फ्लेम फोटोमीटरवर तपासावे. दोन्ही आकडे मिळाले की अर्थ लावणे सोपे जाते. पहिला आकडा पूर्ववत आणि दुसरा खाली असेल, तर पेशीने भरपाई केली आहे, पंप परत आलेले नाहीत. दोन्ही वर आले असतील तरच पुढच्या पायरीला जाण्यात अर्थ आहे.

वाढलेले सोडियम ही पेशीसाठी केवळ अडचण नसते, ती सूचनाही असते. कमी पोटॅशियमच्या माध्यमात किंवा थोड्या उआबेनमध्ये वाढवलेल्या हेला पेशी काही काळाने पटलावर अधिक पंप बसवतात. म्हणून २४ तासांनंतर क्षमता १०० टक्क्यांच्या वर गेलेली दिसली, तर ती मोजमापातील चूकच असेल असे गृहीत धरू नये. मोजणी पुन्हा करावी आणि पेशीतील सोडियमचा आकडा शेजारी ठेवून वाचावी.

सातवी पायरी: पंप सुटला की नवा आला?

प्रथम प्रथिननिर्मिती थांबवून पाहावे. सायक्लोहेक्झिमाइड प्रति मिलिलिटर १० मायक्रोग्रॅम दिल्यावर सावरणे थांबले, तर नव्या पंपाची शक्यता बळकट होते. मात्र या द्रव्याने पेशींतील इतर अल्पजीवी प्रथिनेही संपतात आणि काही तासांपलीकडे पेशी खंगतात. त्यामुळे सहा तासांपर्यंतचेच बिंदू विश्वासाने वाचावेत. पहिल्या एक-दोन तासांतील वाढ सायक्लोहेक्झिमाइड असतानाही दिसली, तर ग्लायकोसाइड सुटणे किंवा पेशीत आधीपासून तयार असलेल्या पंपांचा साठा पटलावर येणे, या दोन शक्यता शिल्लक राहतात.

निसर्गाने दिलेला एक उत्तम नियंत्रक (तुलनेसाठीचा नमुना) येथे वापरता येतो: मानवी तांबडी पेशी. तिच्यात केंद्रक नाही, प्रथिननिर्मिती नाही, पटलाचा भाग आत ओढून पचवण्याची यंत्रणा नाही. तिच्यावर पंपही थोडे, पेशीमागे काही शे. हेला पेशीवर ते लाखांच्या घरात असतात. तांबड्या पेशीत जेवढे सावरणे दिसेल ते केवळ ग्लायकोसाइड सुटण्यामुळेच. तेच ग्लायकोसाइड, तेच धुणे आणि तेच तापमान ठेवून ही मालिका हेलाच्या शेजारी चालवावी. दोन्ही ठिकाणी पंप अल्फा-१ प्रकारचाच असल्यामुळे तुलना न्याय्य ठरते. रक्तासाठी संस्थेच्या नीतिमूल्य समितीची परवानगी लागते आणि ती यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज प्रकल्पाच्या सुरुवातीलाच करावा.

आत ओढण्याची क्रिया थांबवण्यासाठी पेशी ४ अंशांवर ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो अर्धवट आहे. थंडीत पेशीचे आत ओढणे थांबते हे खरे, पण त्याच थंडीत ग्लायकोसाइड सुटण्याचा वेगही फार घटतो, त्यामुळे दोन्ही शक्यता एकदमच गोठतात आणि उत्तर मिळत नाही. त्यापेक्षा क्लोरोक्वीन किंवा बॅफिलोमायसिनने लायसोसोमचे (पेशीतील पचनपिशवीचे) काम अडवून अडकलेला पंप आत साठतो का, हे पाहणे अधिक बोलके आहे.

ट्रिशियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) लावलेले उआबेन उपलब्ध असेल तर मोकळ्या जागांची संख्या थेट मोजता येते. पोटॅशियमविरहित द्रावणात थोडा वेळ ते जोडू द्यावे आणि १०० मायक्रोमोलर साध्या उआबेनसह ठेवलेल्या वेलचे मूल्य वजा करावे. याउलट, ट्रिशियमयुक्त उआबेनने पंप आधीच अडवून नंतर ते माध्यमात केव्हा येते हे पाहणाऱ्यांनी सावध राहावे. माध्यमात आलेले द्रव्य पटलावरून सुटलेले आहे की आत जाऊन लायसोसोममार्गे बाहेर आलेले आहे, हे केवळ किरणोत्साराच्या मोजणीवरून सांगता येत नाही.

आठवी पायरी: पटलावरचे प्रथिन पाहणे

पटलावरील प्रथिनांना बायोटिन लावून, ते वेगळे करून अल्फा-१ च्या प्रतिपिंडाने वेस्टर्न ब्लॉट करणे ही आजची रूढ पद्धत आहे. तिची मर्यादा अशी की ग्लायकोसाइड चिकटलेला पंप आणि मोकळा पंप दोघांनाही बायोटिन सारखेच लागते. म्हणून ब्लॉटवरील पट्टी पंपाची उपस्थिती सांगते, त्याचे काम सांगत नाही. अधिक उपयोगाची मांडणी म्हणजे ग्लायकोसाइड देण्याआधीच पेशींना तुटू शकणारे बायोटिन लावावे, नंतर पटलावर उरलेले बायोटिन ग्लुटाथायोनने काढून टाकावे आणि आत गेलेला जुना पंप तेवढा मोजावा.

एक सूचना प्रत्येक नव्या व्यक्तीला द्यावी लागते: नमुना उकळू नये. अल्फा उपघटक पटलातून दहा वेळा ये-जा करतो, आणि उकळल्यास त्याचे गोळे होऊन ते जेलच्या तोंडाशीच अडतात. पट्टी गायब झाली म्हणून पंप नाहीसा झाला असा निष्कर्ष निघतो. नमुना ३७ अंशांवर अर्धा तास ठेवणे पुरेसे आहे.

नववी पायरी: भागाकार कशाने करायचा

हेला पेशी साधारण एका दिवसात दुप्पट होतात. ग्लायकोसाइड दिलेल्या पेशी तितक्या वाढत नाहीत आणि काही सुटून धुण्यात जातात. म्हणून प्रति वेल मोजलेल्या रुबिडियमवरून २४ तासांचा बिंदू वाचता येत नाही. प्रथिनाच्या मोजमापाने भागावे, आणि शेजारच्या वेलमधील पेशीही मोजाव्यात. कारण सोडियम साठल्यावर पेशी फुगतात व प्रथिननिर्मिती मंदावते, त्यामुळे ‘प्रति मिलिग्रॅम प्रथिन’ आणि ‘प्रति पेशी’ हे दोन आकडे एकाच दिशेने जातीलच असे नाही. धुण्यात गेलेल्या पेशी फेकून न देता एका नळीत जमवाव्यात आणि मृत पेशींना रंगवणाऱ्या ट्रायपॅन ब्लूने मोजाव्यात. निसटलेल्यांचे प्रमाण पाच-दहा टक्क्यांच्या वर गेले, तर त्या बिंदूवरील ‘सावरणे’ हे उरलेल्या पेशींपुरतेच आहे, असे आलेखाखाली लिहावे.

वाढत्या पेशींत नवे पंप एरवीही रोज बनतच असतात. त्यामुळे ग्लायकोसाइड न दिलेल्या, पण तितक्याच वेळा धुतलेल्या पेशींची मालिका प्रत्येक वेळबिंदूवर हवी, केवळ शून्य तासाला नव्हे. चोवीस तासांनी क्षमता शंभर टक्के झाली असे म्हणताना ती चोवीस तासांच्या नियंत्रकाच्या तुलनेत असावी.

किमान तीन स्वतंत्र दिवशी, निरनिराळ्या वेळी गोठणीतून काढलेल्या पेशींवर मालिका करावी. एका प्लेटमधील तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. उआबेन असलेले सर्व धुवण बेसिनमध्ये न ओतता संस्थेच्या घातक रासायनिक कचऱ्याच्या डब्यात जमा करावे आणि डब्यावर द्रव्याचे नाव, अंदाजे मात्रा व तारीख लिहावी.